एका पायाच्या तीन हकिगती

मंगळवार, सकाळ

विहीणबाईंना,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे बघून तुमच्या भुवया वर गेल्या असतील. त्या खाली घ्या आणि वाचा. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि ऐकायला कोणी उरत नाही. तुम्ही नातीला विणलेल्या त्या स्वेटरच्या प्रकरणापासून तर बोलणंही बंद आहे. (त्याची एक बाही लांब होती. माझा जन्म शिवणकामात गेला, मला ते दिसतं. मी ती उसवून सारखी केली, यात कोणाचं काय बिघडलं ते मला अजून कळलेलं नाही. असो.)

तुमच्या लेकीने तुम्हाला फोन केला, पण रडण्यापलीकडे तिच्याच्याने काही झालं नाही. म्हणून मी म्हटलं, मी लिहिते. तिच्या बेकरीची गाडी रोज तुमच्या गावाला पाव पोचवते, त्या ड्रायव्हरच्या हाती हे देतेय.

भिंगरीचा पाय मोडलाय. डावा, गुडघ्याच्या खाली. आधी पाणी प्या, मग पुढचं वाचा. प्लास्टर घातलंय, दुखणं खूप कमी आहे. आज तिने अख्खं केळं खाल्लं आणि साल डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात घातलं. दीड वर्षाच्या पोरीला एवढी समज पुष्कळ झाली.

कसं झालं विचाराल. रविवारी दुपारी पलंगावरून पडली. मी खोलीतच होते, कपडे घड्या करायला वळले आणि पडली. इतकंच. इथे दोनचार दिवस ठेवून घेणार आहेत. लहान मुलांच्या बाबतीत जरा जास्तच काळजी घेतात, दुसरं काही नाही.

तुमचे व्याही दाराशी उभे आहेत, आत यायला तयार नाहीत. त्यांच्या गुडघ्याने परत उचल खाल्लीय. ऑपरेशननंतर जिनासुद्धा जपून चढा असं सांगितलंय, पण ऐकतील तर ते हे कसले! त्यात परवा चांगली पँट मागून उसवून आणली. विचारलं तर म्हणे, जुनी झाली. मी मुकाट्याने शिवून दिली.

आमच्या व्याह्यांच्या डोळ्यात थेंब घालायचे असतील, तेव्हा तुम्ही निघू नका. आम्ही समर्थ आहोत.

तुमची विहीण


बुधवार, दुपार

विहीणबाई,

ड्रायव्हरने तुमची चिठ्ठी दिली. "पलंगावरून पडलेल्या पोरीला कोणी चार दिवस ठेवत नाही. काय लपवताय?" तुमच्यासारखी संशयी बाई मी पाहिली नाही. पण या वेळी संशय बरोबर ठिकाणी पडलाय, त्यामुळे लिहिते.

इथे एक सिस्टर आहे. मी तिचं नाव फौजदारीण ठेवलंय. वय तुमच्या लेकीपेक्षा थोडं जास्त असेल, आवाज हळू, आणि बसते कुठे, तर मुलांच्या खेळण्यातल्या त्या बुटक्या स्टुलावर. आपण खुर्चीत आणि ती खाली, त्यामुळे तिच्यावर ओरडायचीही पंचाईत होते.

सोमवारी एक्स-रे झाल्यावर तिने आम्हा चौघांना एका छोट्या खोलीत नेलं. दार लावलं, पाण्याचे पेले ठेवले. मला वाटलं, काळजी करू नका वगैरे सांगेल. तिने तसं काहीच सांगितलं नाही. म्हणाली, "मी आता जे सांगणार आहे ते ऐकायला वाईट वाटेल. तरी स्पष्टच सांगते. बाळाचा पाय पिळवटून मोडलाय. नुकतं चालायला लागलेल्या मुलाचा पाय साध्या अपघातानेही असा मोडतो आणि कोणी जोराने पिळला तरी असाच मोडतो. एक्स-रे बघून दोन्हीतला फरक कळत नाही. दंडावर बोटांच्या खुणाही आहेत. म्हणून बाळाला कोणी दुखावलंय का, हे आम्हाला तपासावं लागतं. अशा वेळी कळवायचा कायदा आहे. मी कळवलंय. तुमच्या पाठीमागे नको, म्हणून तुम्हाला सांगते आहे."

विहीणबाई, माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "म्हणजे आम्ही राक्षस आहोत?"

ती म्हणाली, "आजी, ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की पाय मोडलाय. बाकी सगळं शोधायचंय." मग पुढे काय होईल ते एकेक करून सांगितलं. सगळ्या अंगाचे एक्स-रे काढतील, रक्त तपासतील, डोळे तपासतील, एक समाजसेविका येऊन प्रत्येकाशी वेगळं बोलेल. आणि शेवटी काय म्हणावं? "आता मी काय सांगितलं, ते तुम्ही मला सांगा."

मी काय शाळेत आहे? मी तोंड घट्ट मिटून बसले. तुमच्या जावयाचं, म्हणजे आमच्या लेकाचं, तर विचारूच नका. तो एरवी लिफ्ट दुरुस्त करतो, पण त्या दिवशी मध्येच अडकलेली लिफ्ट त्याच्या चेहऱ्यावर होती. तुमच्या लेकीने मात्र सगळं परत म्हणून दाखवलं. एका ठिकाणी ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझं बाळ काढून घेणार." सिस्टर म्हणाली, "हे मी सांगितलं नव्हतं. बरं झालं तुम्ही बोललात. नाहीतर ही भीती पोटात घेऊन बसला असतात." तेव्हा मला कळलं की हा प्रकार ती का करते. माणूस घाबरला की भलतंच ऐकतो. तरी राग गेला नाही.

आता आमच्यापैकी कोणीही भिंगरीजवळ असलं की सिस्टर खोलीत बसते. मी सरळ विचारलं, "आमच्यावर लक्ष ठेवायला बसता ना?" म्हणाली, "हो. आणि तुम्हाला सोबत म्हणूनही. दोन्ही खरं आहे." आता या बाईशी भांडायचं तरी कसं?

भिंगरी मजेत आहे. प्लास्टरवर चमचा आपटला की आवाज येतो, हा शोध तिने लावलाय. शेजारच्या खाटेवरचा मुलगा त्यावर हसतो, म्हणून ती आणखी आपटते.

तुमची विहीण


गुरुवार, सकाळ

विहीणबाई,

आज जे लिहितेय ते बसून वाचा, आणि वाचून झाल्यावर मला काय म्हणायचं ते म्हणा.

भिंगरी पलंगावरून पडली नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही. मी रविवारी दुपारभर मशीनवर होते, शाळेचे गणवेश द्यायचे होते. हे तिला बाबागाडीतून फिरवून आणून, झोपलेली तशीच तुमच्या लेकीच्या शेजारी ठेवून गेले. ती बिचारी पहाटेची पाळी करून आलेली, मेल्यासारखी झोपली होती. तासाभराने भिंगरी किंचाळत उठली. रात्रभर किरकिरली, आणि सोमवारी सकाळी पाय टेकवेना, तेव्हा इथे आणलं. मी मनात ठरवून टाकलं की पोर झोपेत आईच्या शेजारून खाली पडली. आता हे सांगितलं तर आईवरच येणार. म्हणून मी सांगितलं, मी तिथे होते.

खोटं बोलायला मला एवढासाही वेळ लागला नाही. तुम्हालाही तेच लिहिलं. तुम्हाला राग येईल, येऊ द्या. मी तुमच्या लेकीला वाचवत होते.

काल सिस्टरने मला एकटीला बोलावलं. समाजसेविका बाजूला बसली होती. वाटलं, पडली कशी ते परत विचारतील. तिने विचारलं, "रविवार सांगा. बाळ सकाळी उठलं तिथपासून." अहो, सकाळ मी काय रंगवून सांगितली! भिंगरीने यांच्या चष्म्याची काडी चावली, बादलीत मोजा बुडवला, सगळं. दुपार आली आणि माझी गाडी बंद पडली. मी पलंगापाशी होते म्हटलं, तर ती म्हणाली, "बरं. बाळाने तेव्हा काय घातलं होतं?"

विहीणबाई, उभ्या घराचे कपडे मी शिवते, आणि त्या दुपारी नातीच्या अंगात काय होतं ते मला सांगता येईना.

ती रागावली नाही. म्हणाली, "आजी, तुमचं खोटं मला पकडायचं नाहीये. पण तुम्ही पलंग म्हणालात की डॉक्टर पलंगापाशी शोधणार. खरं दुसरीकडे असेल तर ते तिथेच राहील, आणि बाळ इथे."

मी सगळं सांगून टाकलं. आणि मग काय कळलं माहीत आहे? तुमच्या लेकीनेही सोमवारीच सांगून ठेवलं होतं की भिंगरी तिच्याच हातून सुटली. उंबऱ्यात पाय अडखळला म्हणे! सगळी बनवाबनवी. मला मागच्या महिन्यात दोनदा चक्कर आली होती ना. तिला वाटलं, माझ्याच हातून पोर पडली आणि मी लाजेने बोलत नाहीये. सासूवर आळ नको, म्हणून तिने स्वतःवर ओढून घेतलं. माझ्यासाठी, विहीणबाई! मी त्या खोलीत हमसून रडले. तुम्ही काय पोरगी घडवलीत! हे मी लेखी देतेय, जपून ठेवा, परत मिळणार नाही.

सिस्टर आम्हा दोघींना म्हणाली, "तुम्ही एकमेकींना वाचवताय. बाळाच्या बाजूने कोण आहे?"

आता शेवटचं, जे लिहायचं नव्हतं. आमच्या हकिगती जुळेनात आणि खरं काय ते कोणालाच ठाऊक नाही. असंच राहिलं तर भिंगरीला आमच्या घरी पाठवणार नाहीत, चौकशी संपेपर्यंत दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवतील. समाजसेविकेने कोणाचं नाव लिहून घेतलं, ते तुम्हाला कळलंच असेल. तुम्हाला फोन येईल. तुम्ही माझ्याबद्दल खरं तेच सांगा. मी सांभाळून घ्या असं म्हणणार नाही. पण तिला झोपताना कानाची पाळी धरायला लागते. स्वतःची नाही, जवळ घेणाऱ्याची. तेवढी द्या.

तुमची विहीण


शुक्रवार, संध्याकाळ

अहो विहीणबाई,

हे लिहिताना मी हसतेय आणि समोरच्या खाटेवरची आई माझ्याकडे विचित्र नजरेने बघतेय. बघू दे.

आधी तुमचं. तुमच्या लेकीने तुमचा फोन मला ऐकवला नाही, पण सांगितला. समाजसेविकेने तुम्हाला विचारलं की बाळाची आजी कशी आहे. तुम्ही म्हणालात, "हट्टी आहे, तोंडाळ आहे, स्वतःपुढे कोणाला शिंपीण मानत नाही. पण माझी नात तिच्या हातात असली की मी इथे निर्धास्त झोपते." आणि नात तुमच्याकडे ठेवू का म्हटल्यावर, "ठेवते, आनंदाने ठेवते, पण तिला तिच्या घरी पाठवायची खटपट आधी करा."

विहीणबाई, नात आयती चालून येत होती तुमच्याकडे. तुमच्या जागी मी असते तर काय बोलले असते, कोण जाणे. मी ते तुमच्या लेकीकडून दहादा ऐकलं. तोंडाळ तेवढं गाळलं असतं तरी चाललं असतं.

हे सगळं तुमची लेक मला वॉर्डात सांगत होती तेव्हा हे दाराशीच होते. सोमवारपासून ही स्वारी दाराच्या आत आली नव्हती. विचारलं की म्हणायचे, मला काही माहीत नाही, पोर झोपली होती. ही तिसरी हकिगत. भिंगरी "आबा, आबा" करून हात पुढे करायची आणि हे व्हरांड्यात निघून जायचे. मला वाटायचं, बाप्यांना हॉस्पिटल सोसत नाही. तुमच्या फोनचं ऐकलं आणि लंगडत लंगडत सिस्टरपाशी गेले. म्हणाले, "मला बोलायचंय. यांच्यासमोरच बोलतो."

तिने त्यांना खुर्ची दिली आणि आपण त्या बुटक्या स्टुलावर बसली.

आता ऐका. रविवारी दुपारी हे तिला बाबागाडीतून बागेत घेऊन गेले. तिथे मोठी घसरगुंडी आहे. भिंगरीने बोट दाखवलं. आणि आमच्या या अडुसष्ट वर्षांच्या तरुणाने, ज्यांना जिनासुद्धा जपून चढायला सांगितलाय, नातीला काखेत मारून शिडी चढली! वर बसले, तिला मांडीवर घेतलं आणि सोडलं अंग. अर्ध्या वाटेत तिच्या बुटाचा रबरी तळ कडेला चिकटला. पाय तिथे अडकला आणि हे दोघं खाली निघालेले. ती कळवळली, यांनी दंडाला घट्ट धरलं, आणि खाली येऊन धपकन बसले. थोडी रडली, मग गाडीत झोपली. यांना वाटलं, घाबरली असेल.

सिस्टरने सगळं लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "आजोबा, त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

हे म्हणाले, "आधी बायकोच्या भीतीने." (वॉर्डातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.) "मग तुम्ही म्हणालात, कोणी पिळला तरी पाय असाच मोडतो. तेव्हा कळलं, तो मीच मोडलाय. आता सांगितलं तर मला तिला हात लावू देणार नाहीत, असं वाटलं. कोणी न सांगता मीच लांब राहिलो. पण आता हिला घरातूनच नेणार म्हणता. मग माझं काय राहिलंय लपवायला?"

एवढं बोलून ते ढसाढसा रडले. मी बेचाळीस वर्षं संसार केला, या माणसाला रडताना पहिल्यांदा पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं होतं, त्याऐवजी मी पदर पुढे केला.

सिस्टर म्हणाली, "मी हे सगळं डॉक्टरांना आणि समाजसेविकेला सांगणार. ते तुम्हाला परत विचारतील. मग ठरवतील. काय ठरवतील ते मला आत्ता माहीत नाही. मी काय सांगितलं, ते तुम्ही मला सांगा." यांनी नाक पुसत शब्दन् शब्द परत म्हटला.

डॉक्टर आले. सगळं ऐकलं, बूट मागवून बघितला, दंडावरच्या खुणांवर यांची बोटं कशी बसतात ते बघितलं. म्हणाले, मोठ्या माणसाच्या मांडीवर बसून घसरताना मुलांचा पाय असाच मोडतो, एकटं घसरलेलं मूल पाय अडकला तर थांबतं, पण मागे मोठ्या माणसाचं वजन असलं की थांबता येत नाही. दरवर्षी अशी मुलं येतात आणि दरवेळी एक आजोबा नाहीतर बाप तोंड पाडून दाराशी उभा असतो. कोणी जपायलाच मांडीवर घेतो आणि तिथेच फसतो. मग त्यांनी यांचा गुडघा दाबून बघितला. हे ओरडले. आता त्यांचाही एक्स-रे काढायचाय. पँट मागून कशी उसवली, तेही कळलं! मी स्वतःच्या हाताने पुरावा शिवून टाकला होता.

बाकी सगळे एक्स-रे स्वच्छ आहेत, डोळे स्वच्छ, रक्त चांगलं. समाजसेविका उद्या घर बघायला येणार. मी पडदे धुवायला काढले होते, तुमच्या लेकीने काढून घेतले. म्हणाली, "आई, ती पडदे बघायला येत नाहीये."

फौजदारीण हे नाव मी मागे घेतलं. तिला तोंडावरच सांगितलं की तुम्हाला मी असं म्हणायचे. ती म्हणाली, "माहीत आहे. तुम्ही हळू बोलत नाही."

तुमची विहीण


सोमवार, दुपार

विहीणबाई,

भिंगरी घरी आली. हे वाक्य मी तीनदा लिहून बघितलं, फार छान दिसतं.

सकाळी सगळे बसले होते, डॉक्टर, समाजसेविका, सिस्टर. समाजसेविकेने सांगितलं, अपघात होता, चौकशी बंद, बाळ आईवडिलांबरोबर घरी जाईल. तुमचे जावई उठून थेट भिंतीला टेकले. तुमच्या लेकीने सिस्टरला मिठी मारली आणि मग, काय सांगू, मलाही. घट्ट. माझा चष्मा वाकडा झाला, तो अजून तसाच आहे.

मी सिस्टरला विचारलं, "तुम्हाला आमची खात्री केव्हा पटली?"

ती म्हणाली, "आजी, खात्री मला कशाचीच नव्हती. ती ठेवली असती तर काम जमलं नसतं. एखादं घर चांगलं वाटतं आणि नसतं. मी अशी घरंही पाहिलीत." मग म्हणाली, "पण आजची सकाळ मला फार आवडली." आणि खरंच हसली. आठवडाभरात मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले. मी तिचा हात धरून ठेवला. इतके दिवस मी तिच्यावर चिडत होते, कारण ती आमच्या बाजूने नव्हती. ती भिंगरीच्या बाजूने होती, आणि मला तरी आणखी काय हवं होतं?

आमच्या व्याह्यांच्या डोळ्यांचे थेंब संपले की दोघं या. पाहुण्यांसारखे नका येऊ, राहायला या. आपण दोघी एकाच वेळी बोलू, बाकीच्यांना सवय आहे.

निघताना गंमत झाली. सामान बांधलं, भिंगरीला टोपी घातली, सगळे तयार. हे आपले दाराशी. सिस्टरने भिंगरीला उचललं. मला वाटलं, आईकडे देईल. ती सरळ दाराशी गेली आणि म्हणाली, "आजोबा, गाडीपर्यंत तुम्ही न्या."

हे दोन पावलं मागे सरकले. "मी? नको. गुडघा... आणि..."

"हळू चाला. कोणाला घाई नाहीये."

भिंगरीने तिच्या हातातून निम्मं अंग बाहेर टाकलं होतं. घ्यावीच लागली. तिने एक हात यांच्या गळ्यात टाकला, दुसऱ्याने कानाची पाळी धरली आणि डोळे मिटले. बारा वाजले होते, तिची झोपेचीच वेळ. हे प्लास्टरखाली हात धरून जागच्या जागी उभे. मग चालायला लागले. तो लांबच लांब व्हरांडा, फरशी नुकती पुसलेली, पुढे तीन पायऱ्या, गुडघा हा असा. तुमची लेक आणि जावई गाडीचं दार उघडायला पुढे गेले. मी पिशव्या घेऊन मागून येत होते.

पायऱ्यांशी ते थांबले. पाठीवरूनच मला कळलं की मी आता काय म्हणते याची वाट बघतायत. "जपून" हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. बेचाळीस वर्षांत मी तो यांना किती वेळा म्हटला असेन, देव जाणे.

नाही म्हटला. ते एकेक पायरी उतरले.

तुमची विहीण